शून्य रुपयांचं तिकीट
(एका तालुक्याच्या गावी व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मघाशी प्रास्ताविकात सांगितलं गेलं की मी 'एसटी वाचवा' या विषयावर बोलणार आहे. तसं नाही. एसटी वाचवायच्या सभा आपण पुष्कळ केल्या. मला आज एका तिकिटावर बोलायचंय.

पंच्याहत्तरी ओलांडलेले आजोबा गाडीत चढतात, कंडक्टरला आधार कार्ड दाखवतात. तो मशीनची बटणं दाबतो, टर्र आवाज होतो आणि कागदाचा चिटोरा बाहेर येतो. त्यावर गाव आहे, तारीख आहे, वेळ आहे आणि रक्कम शून्य. आजोबा त्याची व्यवस्थित घडी करून बंडीच्या खिशात ठेवतात, जणू पाचशेची नोट. ऑगस्ट २०२२ पासून ही सवलत आहे. मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना अर्धं तिकीट. आमच्या घरातल्या बायका आता माहेरी जास्त वेळा जातात, आणि त्याबद्दल माझी अजिबात तक्रार नाही. (हशा)

पण गाडी शून्यावर पळत नाही. डिझेल लागतं, टायर लागतात, ड्रायव्हरला सात तारखेला पगार लागतो. तिकिटातला हा फरक शासनाने एसटी महामंडळाला द्यायचा असतो. शासन देतंही. पण किती आणि कधी, हे शासनच ठरवतं. म्हणजे उधारीची वही दुकानात नाही, गिऱ्हाइकाच्याच घरी! असं दुकान कुठे चालतं का? एप्रिल २०२५ मध्ये एसटीच्या कर्मचाऱ्यांच्या हातात मार्चचा पगार पडला तो ५६ टक्के. उरलेल्यासाठी शासनाच्या निधीकडे डोळे लावून बसायचं. पुढे जूनमध्ये परिवहनमंत्र्यांनी श्वेतपत्रिका काढली. साठलेला तोटा दहा हजार कोटींच्या वर गेल्याचं तीत दिसलं. हा तोटा भारमान, म्हणजे गाडीत भरलेल्या जागांचं प्रमाण, घटल्यामुळे किती, कारभारामुळे किती आणि उशिरा आलेल्या पैशांमुळे किती, हे आपल्याला कोण सांगणार? सांगणारेही तेच, ज्यांच्याकडे वही आहे.

१ जून १९४८ ला पुण्याहून नगरला पहिली गाडी गेली. १९५० साली मार्ग परिवहन महामंडळांचा कायदा आला. त्याचं कलम २२ सांगतं की महामंडळाने धंद्याच्या तत्त्वावर चालावं. कलम ३४ शासनाला महामंडळाला निर्देश देण्याचा अधिकार देतं. एक कलम म्हणतं धंदा कर, दुसरं म्हणतं सांगेन तसं कर. पंच्याहत्तर वर्षं एसटी या दोन बैलांच्या मध्ये जुंपलेली आहे.

भाड्याचं बघा. जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्के वाढ झाली. मंजुरी दिली राज्य परिवहन प्राधिकरणाने. मोटार वाहन कायद्याचं कलम ६८ या प्राधिकरणाबद्दल काय म्हणतं ते ऐका. अध्यक्ष न्यायदानाचा किंवा अपील चालवण्याचा अनुभव असलेला हवा, आणि वाहतूक संस्थेच्या कारभाराशी थेट संबंध असलेला अधिकारी तिथे बसता कामा नये. हेतू स्वच्छ आहे. प्रत्यक्षात प्राधिकरणाच्या अध्यक्षपदी परिवहन विभागाचे सचिव असतात. महामंडळाचं अध्यक्षपद अनेकदा मंत्र्यांकडे, आणि २०२५ मध्ये काही काळ तर विभागाच्याच अपर मुख्य सचिवांकडे. कलमाचा अर्थ काय लावायचा ते वकील मंडळी बघतील. मला एवढंच दिसतं की अर्ज करणारा आणि निकाल देणारा एकाच जिन्याने वर जातात.

एसटी कर्मचाऱ्यांच्या संपातही तेच झालं. २०२१ च्या दिवाळीपासून एप्रिल २०२२ पर्यंत गाड्या आगारात उभ्या होत्या. महामंडळ शासनात विलीन करा, या मागणीवर समिती बसली, त्यात मुख्य सचिव, वित्त विभागाचे अपर मुख्य सचिव आणि परिवहनचे. तिघेही शासनाचेच. निकाल काय लागणार याची पैज लावायलासुद्धा कुणी तयार नव्हतं.

मग दुसरी रीत आहे का? आहे, आणि ती आपल्या घरातल्या मीटरला रोज लागू होते. १९९९ मध्ये महाराष्ट्रात वीज नियामक आयोग आला. वीज कायदा २००३ प्रमाणे दरवाढ हवी असेल तर कंपनीने अर्ज जाहीर करायचा, लोकांच्या हरकती घ्यायच्या, आयोगाने १२० दिवसांत आदेश द्यायचा. मी अशा एका सुनावणीला बसलो होतो. एक यंत्रमागवाला बिलांचं बाड फडक्यात बांधून आलेला. इंग्रजी येत नाही म्हणाला आणि मराठीत पंधरा मिनिटं बोलला. त्याचं म्हणणं पुढे आदेशात नोंदलं गेलं. मान्य झालं नाही, ते वेगळं. का मान्य नाही, हे मात्र आयोगाला लिहावं लागलं.

त्या कायद्यातलं कलम ६५ मला सगळ्यात आवडतं. सरकारला एखाद्या वर्गाला वीज स्वस्त द्यायची असेल तर खुशाल द्यावी, पण फरकाची रक्कम आगाऊ भरायची. हे कलम एसटीला लावा. आजोबांचं तिकीट शून्यच राहील, फक्त पैसे आधी येतील आणि घोषणा नंतर होईल.

आयोग आला म्हणून वीज स्वस्त झाली का? नाही. शेतीपंपांची थकबाकी मिटली का? तीही नाही. आणि आयोगाचे दात काढायची कला आपल्याकडे आहेच. २००५ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरण झालं, पण शेतीला किती पाणी आणि उद्योगाला किती, हा कळीचा अधिकार २०११ च्या दुरुस्तीने मंत्रिमंडळाकडे गेला. पाटी राहिली, चावी गेली.

म्हणून एसटीसाठी आयोग मागताना चावी मागा. वीज आयोगाचे सदस्य उच्च न्यायालयाच्या माजी न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखालची समिती निवडते. पाच वर्षं मिळतात आणि त्याच पदावर पुन्हा नेमणूक नाही. तसंच इथे हवं. सदस्यांत एक जण हिशोबातला, आणि एक तरी असा की ज्याने पहाटे चारला आगारात उभं राहून ड्यूट्या लावल्यात. गाड्यांचे मोठे करार आधी त्यांच्यापुढे, उघड सुनावणीत. १,३१० गाड्या भाड्याने घेण्याचा करार ठरला आणि २०२५ च्या सुरुवातीला मुख्यमंत्र्यांनी तो थांबवला. मधल्या काळात त्यातली एक ओळ तरी तुम्ही-आम्ही वाचली होती का?

भारमान नाही म्हणून तुमच्या वाडीची मुक्कामी गाडी बंद करायची असेल, तर त्याचीही सुनावणी तालुक्यात व्हावी, बाजाराच्या दिवशी. आणि स्टँडवर वेळापत्रकाच्या शेजारी दर महिन्याला एक कागद चिकटवायचा, मराठीत: या आगारात शून्य रुपयांची तिकिटं इतकी फाडली, अर्धी इतकी, शासनाकडून येणं इतकं, आलं इतकं.