कानासाठी लिहिलेली मराठी

रेडिओच्या बातमीपत्राचं हे पान बघा. मजकूर एकाच बाजूला, ओळींमध्ये भरपूर मोकळी जागा, आणि पानांना टाचणी नाही. माइकपुढे पान उलटलं की त्याची खसखस घरोघरी ऐकू जाते. म्हणून वाचणारा ते उलटत नाही, अलगद बाजूला सरकवतो.

आता त्यावरची वाक्यं बघा. 'वरील', 'खालील', 'अनुक्रमे' यांतलं काहीच नाही. रेडिओवर वर-खाली काही नसतंच. कंस ऐकू येत नाही, अवतरणचिन्हही नाही. वर्तमानपत्राची ओळ दोनदा वाचता येते. इथे निसटलेलं वाक्य हवेत विरलं. त्यात आपल्या मराठीचं क्रियापद शेवटी, आणि 'नाही' त्याच्याही मागे. वाक्य लांबलं, तर पाऊस पडला की नाही हे कळेपर्यंत ऐकणाऱ्याची भाकरी करपायची.

आकड्यांचंही तेच. कागदावर ४,७४,८६० असतील, तर कानाला 'सुमारे पावणेपाच लाख' पुरतात. सव्वा, दीड, अडीच, पावणे... ही आपली बाजारातली मोजदाद रेडिओला फार उपयोगी पडते.

मुंबईत २३ जुलै १९२७ ला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. पुढे मराठीत या माध्यमासाठी शब्दही घडले: नभोवाणी, नभोनाट्य, श्रुतिका. श्रुतिकेत, म्हणजे कानाने ऐकायच्या छोट्या नाटकात, दार उघडल्याचा आवाज आला, तरी कोण आलं ते दिसत नाही. मग घरातल्या कुणीतरी नाव घेऊन हाक मारायची. मुंबई आकाशवाणीच्या 'पुन्हा प्रपंच' या श्रुतिकामालेतले टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि पंत यांचे चेहरे ठाऊक नसलेल्यांनाही ती माणसं शेजारची वाटत. बोलण्याच्या ढंगावरूनच ओळखू यायची.

पुणे केंद्र १९५३ चं. तीनच वर्षांनी, १९५६ मध्ये, युनेस्कोच्या मदतीने या केंद्राने एक प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतल्या सुमारे १५० गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळं जमवली. आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, असे एकूण २० कार्यक्रम. संध्याकाळी मंडळी एका रेडिओभोवती बसायची, ऐकायची. आणि रेडिओ बंद झाल्यावर खरी बैठक सुरू व्हायची! आपल्या गावात हे जमेल का, यावर वाद. त्यातून निघालेल्या शंका लिहून केंद्राकडे जायच्या, आणि पुढच्या एखाद्या कार्यक्रमात त्याच खोक्यातून उत्तर यायचं.