अंडाशय आणि भोवतालचे जगणे

श्रोतेहो, नमस्कार.

पाळी नियमित आहे म्हणजे स्त्रीच्या अंडाशयाचे काम बारा महिने सारखेच चालते, असे आपण धरून चालतो. वस्तुस्थिती निराळी आहे. नेपाळमधील तामांग जमातीच्या शेतकरी स्त्रियांच्या लाळेतील प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भ रुजण्यासाठी गर्भाशयाला तयार करणारे अंडाशयाचे संप्रेरक, मोजले, तेव्हा पावसाळी कामाच्या भरात वजन उतरलेल्या स्त्रियांमध्ये ते घटलेले आढळले. पोलंडच्या खेड्यांत तर पोटभर जेवणाऱ्या स्त्रियांमध्येही सुगीच्या दिवसांत घट दिसली. म्हणजे उपासमार नसली, तरी नुसते कष्टही पुरतात. शरीरात येणारी आणि खर्च होणारी ऊर्जा यांची वार्ता मेंदूपर्यंत पोहोचते, तिथून अंडाशयाला जाणारे संकेत मंदावतात आणि पाळी येत राहिली तरी गर्भ रुजण्याची शक्यता कमी होते.

आपल्या काटोल-उमरेडकडची बाई निंदण, सोयाबीनची सोंगणी आणि मग कापसाची वेचणी, असे एकामागून एक हंगाम अंगावर काढते. पहाटे उठून घरचा स्वयंपाक उरकायचा, कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकायचे, आणि मजुरी मिळणार ती वेचलेल्या किलोंवर. अशा बाईला दिवस राहिले नाहीत की दोष तिच्या माथी मारला जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते. तिच्या कामाची आणि उतरलेल्या वजनाची चौकशी मात्र क्वचितच होते. शहरात याच्या उलट, बैठे काम व वाढते वजन यांमुळे इन्शुलिन चढून बीज सुटण्यात अडथळे येतात.

हंगामी घट विश्रांतीने आणि पुरेशा अन्नाने भरून येते. बालपणीचा ठसा मात्र टिकतो. बांगलादेशातून लंडनला गेलेल्या स्त्रियांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रौढपणी गेलेल्या स्त्रियांचे प्रोजेस्टेरॉन मायदेशातील स्त्रियांइतकेच राहिले, तर लहानपणीच तिथे गेलेल्या मुलींमध्ये ते जास्त होते आणि त्यांना पाळीही लवकर आली. ही कुटुंबे तशी खाऊनपिऊन सुखी होती. त्यामुळे संशोधकांचा रोख गेला तो बालपणी वारंवार होणाऱ्या संसर्गांकडे, कारण त्यांच्याशी झुंजण्यातही वाढत्या शरीराची ऊर्जा खर्ची पडते. परंतु हे संप्रेरक जास्त असणे निव्वळ लाभाचे नाही: आयुष्यभर त्याचे प्रमाण चढे राहिल्यास स्तनांच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो, असे या अभ्यासकांना वाटते.