वजरीशेजारची बाटली

श्रोतेहो, नमस्कार.

परवा भाची राहायला आली आणि आमच्या न्हाणीघरात वजरीशेजारी तिची छोटीशी बाटली येऊन बसली. वर लिहिलेलं, ‘ग्लायकोलिक ॲसिड, 7 टक्के’. माझी बहीण ओरडलीच, “अगं, फरशी घासायचं ते तोंडाला लावतेस?”

फरशीचं ॲसिड वेगळं, हे वेगळं. पण तिची धास्ती अगदीच वेडगळ नव्हती.

आपल्या कातडीचा सगळ्यांत वरचा पापुद्रा मेलेल्या पेशींचाच असतो. खालून नव्या पेशी वर सरकतात, जुन्या झडतात. तरुणपणी या फेऱ्याला साधारण महिना लागतो, पुढे जास्त. झडायला मदत करायची, तर एक म्हणजे घासायचं, वजरी किंवा उटण्यानं. नाहीतर पेशींना चिकटवून ठेवणारे सांधेच सैल करायचे. बाटलीतलं ॲसिड ते करतं.

ग्लायकोलिक उसातही असतं. त्याचा रेणू अगदी लहान, म्हणून ते चटकन आत शिरतं आणि चुरचुरतंही. लॅक्टिक आपल्या दह्यातलं, त्याहून सौम्य. सॅलिसिलिक तेलात विरघळतं, त्यामुळे तेलकट चेहऱ्याच्या बुजलेल्या रंध्रांत उतरतं. ते ॲस्पिरिनच्याच कुळातलं. ज्यांना ॲस्पिरिन सोसत नाही, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. टाचांच्या भेगांच्या मलमात युरिया असतो. हो, खताचाच पदार्थ, पण म्हणून पोत्यातला काढून लावू नका!

अक्रोडाच्या टरफलाची भरड घातलेले स्क्रब मला पटत नाहीत. कण टोकदार, आणि आपला हात जड. उटण्याआधी निदान तेल तरी चोळलेलं असतं, त्यानं घासणं हलकं होतं. स्क्रबमधले प्लॅस्टिकचे बारीक मणी तर मोरीतून नदीत जायचे. अमेरिकेनं 2015 साली त्यांच्याविरुद्ध कायदाच केला.

आता बहिणीच्या धास्तीकडे येते. ग्लायकोलिक लावलेली कातडी उन्हाला जास्त हळवी होते. घरी वापरायला 10 टक्क्यांच्या आतलंच बरं, तेही आठवड्यातून एक-दोनदा, रात्री. त्याच दिवशी स्क्रब नको. आणि लिंबू थेट चेहऱ्यावर चोळणं तर नकोच, त्याची आंबटता या बाटलीपेक्षाही तिखट.

भाचीनं हे सगळं मान डोलावत ऐकलं. सकाळी स्कूटरची किल्ली घेऊन निघाली, तशीच, कोऱ्या चेहऱ्यानं. मी दारात आडवी झाले. म्हटलं, आधी सनस्क्रीन, मग स्कूटर.