डोळे पिवळे झाले तर थांबू नका

नमस्कार, श्रोतेहो. कोरोनाचा विषय निघाला की आपल्याला ऑक्सिजन आठवतो, बेडसाठीची धावपळ आठवते. त्याच दिवसांत दारूने यकृत खराब झालेले रुग्णही येत होते. आज मला त्यांच्याबद्दल बोलायचे आहे.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली आणि दारूची दुकाने बंद झाली. रोज पिणाऱ्याची दारू अशी एकाएकी तुटली की दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, घाम फुटतो, कुणाला फिट येते, कुणाला भास होतात. मग माणूस हाताला लागेल ते पितो. एप्रिल २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत सॅनिटायझर पिऊन माणसे दगावली. दुकाने उघडल्यावर बाटली घरी आली. कामधंदा बंद, डोक्यावर कर्ज, सकाळी उठून कुठे जायचे नाही. संध्याकाळची दारू दुपारवर आली.

इंग्लंडमध्ये २०१९ च्या तुलनेत २०२० साली दारूमुळे होणाऱ्या यकृतविकाराचे मृत्यू सुमारे २० टक्क्यांनी वाढले. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात दारूने यकृताला सूज येऊन भरती झालेल्यांचे एकूण भरतीतले प्रमाण जवळपास दुप्पट झाले. तेव्हा इतर आजारांचे लोक दवाखान्यात कमी येत होते, म्हणून हे प्रमाण थोडे फुगलेले असेल. मृत्यूंच्या आकड्याला मात्र तशी पळवाट नाही.

आपल्या नागपुरात मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांचे वॉर्ड कोविडसाठी गुंतले होते, आणि दवाखान्यात गेलो तर कोरोना होईल ही धास्ती घरोघरी होती. डोळे पिवळे दिसले की गळ्यात काविळीची माळ घालायची, झाडपाल्याचे औषध द्यायचे. पोट फुगले तर म्हणायचे, गॅस झाला. रुग्ण आमच्यापर्यंत पोहोचे तेव्हा पोटात पाणी साचलेले असे, रक्ताची उलटी झालेली असे, नाहीतर तो असंबद्ध बरळत असे.

किती घेता, असे विचारले की उत्तर ठरलेले: "नाही जी, कधीमधीच." बायको खाली मान घालून उभी. मग बाहेर व्हरांड्यात ती हळूच सांगते, "रोज एक क्वार्टर होती साहेब, लॉकडाऊनपासून दोन झाल्या." एका क्वार्टरमध्ये, म्हणजे १८० मिली दारूत, सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. वर्षानुवर्षे रोज याच्या निम्मे पोटात गेले तरी यकृताला धोका असतो. स्ट्राँग बिअरची मोठी बाटली ४० ग्रॅमच्या आसपास जाते, तेव्हा "मी फक्त बिअर घेतो" यात समाधान मानू नका. त्या बाईला लाज वाटते, याचे मला फार वाईट वाटते. लाज तिची नाही, आणि आजारी माणसाला फैलावर घेऊन त्याचे यकृतही सुधारत नाही.

खाण्याचे सांगतो, कारण इथे प्रेमापोटीच नुकसान होते. कावीळ म्हणून घरचे डाळ, अंडी, दूध सगळे बंद करतात आणि फक्त उसाचा रस पाजतात. या रुग्णाचे हातपाय आधीच काड्यांसारखे झालेले असतात. आजारी यकृताला रात्रभर पुरेल इतकी साखर साठवता येत नाही, म्हणून शरीर स्वतःचे स्नायू जाळते. त्याला प्रथिने हवीत, आणि झोपण्यापूर्वी थोडे खायला हवे. मीठ किती चालेल, ते डॉक्टरांना विचारा.

रोजची दारू सोडायची असेल तर घरी कोंडून घेऊन सोडू नका. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडा, त्यासाठी औषधे आहेत. डोळे पिवळे, पोटाचा घेर वाढलेला, पायांवर सूज, डांबरासारखी काळी शौच, दिवसा झोप आणि रात्री जागरण, यांतले काहीही दिसले तर माळेची वाट न पाहता दवाखान्यात या. रक्ताची उलटी झाली किंवा माणूस बरळू लागला तर त्याच क्षणी निघा. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आधारासाठी टेलिमानसचा १४४१६, हे दोन्ही क्रमांक लिहून ठेवा. फोन रुग्णानेच करायला हवा असे नाही. बायको, मुलगा, भाऊ, कुणीही करू शकते.