आनंद विहार ते तानसेन, बसने

आयोजकांनी मला परदेशातल्या स्वयंसेवेवर बोलायला सांगितलंय. समोर बहुतेक जण फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाचे दिसताहेत, म्हणजे तुम्हाला हॉस्पिटलबद्दल ऐकायचं असणार. मी नेपाळात, पाल्पा जिल्ह्यातल्या तानसेनच्या मिशन हॉस्पिटलात काम केलं. त्याबद्दल सांगेनच. पण आधी प्रवासाबद्दल बोलू द्या, कारण पुढे वॉर्डात जी माणसं भेटली ती कुठून येतात, हे मला त्या बसमुळे समजलं.

तानसेनचा सरळ रस्ता म्हणजे गोरखपूर, सुनौली, बुटवल. कोणीही तोच सांगेल. मी लांबचा धरला तो आमच्या सोसायटीच्या रात्रपाळीच्या वॉचमनमुळे. तो नेपाळच्या पश्चिम टोकाकडच्या अछाम जिल्ह्याचा. म्हणाला, “मॅडम, दशैंच्या आधी आमच्या रस्त्याने जा. अर्धं पुणं बसमध्ये भेटेल.” दशैं म्हणजे आपलं नवरात्र आणि दसरा, पण तिकडे हा वर्षातला सगळ्यात मोठा सण. आणि खरंच, दिल्लीच्या आनंद विहारहून निघालेल्या बनबसाच्या गाडीत मला पुणे, ठाणे, पिंपरी सगळं भेटलं. हॉटेलातले आचारी, बांधकामावरचे मजूर, वॉचमन. टपावर मिक्सर, कुकर, चादरी, एकाचा तर गुंडाळलेला गालिचा. मराठी ऐकून दोघांनी “कुठले तुम्ही?” असं मराठीतच विचारलं. रात्रभर पाय लांब करायला जागा नव्हती.

पहाटे बनबसा. तिथे शारदा नदीवरचा इंग्रजांच्या काळातला बंधारा ओलांडून पलीकडे गड्डाचौकी, नेपाळची सीमाचौकी. भारत आणि नेपाळच्या १९५० च्या करारामुळे आपल्याला व्हिसा लागत नाही. जमिनीवरून जाताना मतदार ओळखपत्र चालतं. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायचं. कॅलेंडर मात्र जवळजवळ सत्तावन्न वर्षं पुढे जातं, कारण तिथे सगळा कारभार विक्रम संवतावर. ही गंमत वाटते, पण केसपेपरवर जन्मतारीख संवतात आणि गोळ्यांच्या पाकिटावर मुदत इसवी सनात, हे डोक्यात बसायला वेळ लागतो.

महेंद्रनगरहून पुढची बस पूर्व-पश्चिम महामार्गाने जाते. शेजारी मुंबईतल्या एका हॉटेलात काम करणारा, नेपाळच्या डोंगरातल्या डोटी जिल्ह्याचा माणूस होता. नाश्त्यानंतर त्याने खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. मी ओळखली, टीबीची होती. विचारलं, तर म्हणाला, मुंबईत सरकारी दवाखान्यातून मिळाली, महिन्याभराची. गावी किती राहणार? “सण, मग भात कापणी, मग बघू.” टीबीचा साधा कोर्सही सहा महिन्यांचा असतो. औषध दोन्ही देशांत फुकट आहे, पण कार्ड इकडचं, आरोग्य चौकी तिकडची, आणि मधे ही बस. त्याला कोणी रेफरलची चिठ्ठी दिली नव्हती, आणि त्याने मागितलीही नव्हती. अत्तरियाला डोंगराकडचा फाटा फुटतो, तिथे तो उतरला आणि त्याच्याबरोबर निम्मी बस रिकामी झाली. पुण्यात बसून ‘पेशंट औषध मधेच सोडतात’ असं आपण किती सहज म्हणतो.

पुढे चिसापानीला कर्णालीवरचा पूल लागतो, एकाच खांबाला तारांनी तोललेला. तो आणि पश्चिमेकडचा हा रस्ता होण्याआधी सुदूर पश्चिमेतल्या माणसाला स्वतःच्या राजधानीला जायलाही भारतातून फिरून जावं लागे. मुंबई त्यांना जवळची का वाटते, ते नकाशा उघडलात तर लगेच दिसेल. बुटवलपर्यंतचा बाकीचा दिवस दाल-भात, झोप आणि धूळ. बुटवलनंतर तिनाऊ नदीच्या घळीतून चढ सुरू होतो. सिद्धबाबाच्या पट्ट्यात पावसाळ्यात दरड कोसळते, तेव्हा तो काळ टाळा.

१९५४ मध्ये तानसेनला हॉस्पिटल सुरू झालं तेव्हा हा रस्ताही नव्हता, सामान भरियांच्या, म्हणजे हमालांच्या, पाठीवरून वर जायचं. सुरुवात पक्ष्यांपासून झाली. मसुरीच्या वुडस्टॉक शाळेतले शिक्षक रॉबर्ट फ्लेमिंग पक्ष्यांच्या अभ्यासासाठी नेपाळात गेले होते. एका फेरीत डॉक्टर कार्ल टेलर बरोबर होते, आणि आजारी माणसांची रांग लागली. त्यातून युनायटेड मिशन टू नेपाळ ही, हे हॉस्पिटल चालवणारी ख्रिस्ती संस्था उभी राहिली. टेलरांनी पुढे जॉन्स हॉपकिन्समध्ये आंतरराष्ट्रीय आरोग्याचा विभाग उभारला, आणि जामखेडला ग्रामीण आरोग्याचं काम उभं करणारे आपले डॉक्टर रजनीकांत आणि मेबल आरोळे तिथे त्यांच्याकडे शिकले. मला हे कळलं तेव्हा फार आनंद झाला होता. धर्मांतराचं विचारणार असाल तर, सरकारशी केलेल्या करारातच धर्मप्रसाराला मनाई होती, आणि आज दुसऱ्याचं धर्मांतर करणं हा तिथे कायद्याने गुन्हा आहे.

आता आपलं काम. तिथले माझे बरेचसे पेशंट झाडावरून पडलेले. गुरांसाठी पाला तोडायला बायका, म्हातारे, मुलं उंच चढतात. मनगट, मांडी, मणका. “दोन आठवड्यांनी दाखवायला या” हे वाक्य मी सुरुवातीला सवयीने म्हणायचे. तिथल्या सहकारी दिदी शांतपणे विचारायच्या, “कसे येणार?” अर्धा दिवस चालून मग बस. हळूहळू केस घेताना माझा पहिला प्रश्नच ‘कसे आलात?’ हा झाला. घरी सोडण्याआधी सगळे व्यायाम शिकवायचे, आणि ते सुनेला किंवा नातवालाही. ही बाई घरी गेल्यावर डोको, म्हणजे पाठीवरची टोपली, नाम्लोच्या पट्ट्याने कपाळावर तोलणार, हे धरूनच चालायचं. ‘ओझं उचलू नका’ असं सांगणं तिथे निरुपयोगी आहे. किती, कधीपासून आणि कसं उचलायचं, हे सांगता आलं पाहिजे.

जायचं असेल तर नोंदणीची कागदपत्रं काही महिने आधी सुरू करा, पदवीच्या साक्षांकित प्रती जवळ ठेवा. दोन-तीन आठवड्यांचीच सुट्टी असेल तर जाऊ नका. तुम्हाला शिकवण्यातच तिथल्या लोकांचा वेळ जातो. आणि विमानाचे पैसे असले तरी एकदा बनबसावरून जा, शक्यतो दशैंच्या आधीच्या आठवड्यात. तिकीट मात्र आधी काढा.