एम-थ्रीची केटी आणि आनंदीबाईंचा अर्ज

(ठाण्यात नौपाड्यातल्या एका सभागृहात रविवारी संध्याकाळी झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. बाहेर फळ्यावर विषय लिहिलाय, 'अमेरिका-कॅनडातला प्रवेश : खर्च, वेळापत्रक आणि विद्यापीठाची निवड'. तो मी घेणार आहे, काळजी नको. पण साडेसातला ही जागा भजनी मंडळाला द्यायचीय असं मला आत शिरताना कळलं, आणि घोडबंदर रोडवरून येणाऱ्या मंडळींसाठी आपण वीस मिनिटं थांबलो. त्यामुळे काही राहिलं तर त्याचं पाप माझ्या एकट्याच्या माथी नाही.

मी एकतीस वर्षं इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवलं. त्यातली शेवटची पंधरा वर्षं माझा मुख्य धंदा शिफारसपत्रं लिहिण्याचा होता, शिकवणं आपलं जोडीला. दिवाळीची सुट्टी संपली की केबिनबाहेर रांग. देवदर्शनाला असते तशीच, फक्त हातात नारळाऐवजी पेनड्राइव्ह. वर्षभर मला बघून जिना बदलणारा मुलगा आत येऊन वाकून नमस्कार करणार आणि म्हणणार, "सर, एलओआर तयार आहे. तुमचं फक्त लेटरहेड पाहिजे." फक्त! म्हणजे मुहूर्त काढलाय, पत्रिका वाटून झाल्यात, तुम्ही फक्त बोहल्यावर उभे राहा.

बरं, त्या पत्रात काय असतं? मुलगा कष्टाळू, जिज्ञासू, नेतृत्वगुण असलेला, चौघांत मिसळणारा. हे वर्णन स्थळ सांगून आलेल्या कुठल्याही मुलाला चालेल. एकदा एका धिप्पाड मुलाने आणलेल्या पत्रात मी त्याला पानभर 'ती' म्हणत होतो. विचारलं तर म्हणाला, "सर, कन्सल्टंटकडून आलंय, त्यांनी वाटतं मागच्या वर्षीचं दिलं." नाव तेवढं बदललं होतं. तिसऱ्या ओळीत तेही राहिलं होतं.

आणि हल्ली नुसतं पत्र पुरत नाही. विद्यापीठाकडून शिक्षकाला लिंक येते, त्यावर एक तक्ता भरायचा असतो. हा विद्यार्थी तुमच्या पाहण्यातल्या वरच्या पाच टक्क्यांत, दहा टक्क्यांत की पंचवीस टक्क्यांत? आमचा वर्ग साठ जणांचा. साठाचे पाच टक्के म्हणजे तीन. एका डिसेंबरात हिशेब केला, तर त्या तिघांत मी अकरा जण बसवले होते. लोकलचा चौथ्या सीटचा संस्कार, दुसरं काय! पण पलीकडे वाचणारा प्राध्यापक गणित शिकलेला असतो. तुमच्या कॉलेजातून दर वर्षी वरच्या पाच टक्क्यांतलेच सगळे येतायत हे त्याच्या लक्षात येतं, आणि मग आमच्या शब्दाची किंमत शून्य.

आता माझा कळव्याचा मुलगा. हा किस्सा मी सगळीकडे सांगतो, माझी बायको या वाक्याला उठून बाहेर जाते. वडील रेल्वेत. मुलगा अबोल. एम-थ्रीची, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरची केटी. नापास झालेला पेपर पुन्हा द्यायचा. एकदा नव्हे, दोनदा. तिसऱ्या वर्षाला इंडक्शन मोटरच्या प्रॅक्टिकलचं जर्नल तपासत होतो. सगळ्यांची रीडिंग्ज सारखी, अगदी दशांशापर्यंत. याची वेगळी. मी सवयीने लाल रेघ मारली. तो म्हणाला, "सर, तुमच्या अमीटरमध्ये लोचा आहे." अमीटर म्हणजे करंट मोजायचं यंत्र. मी म्हटलं, अमीटरमध्ये की तुझ्यात? तो काही बोलला नाही. शेजारच्या टेबलावरचा अमीटर उचलून आणला, त्याच सर्किटमध्ये सिरीजमध्ये जोडला. एकाच तारेतून जाणारा करंट, आणि दोन अमीटरांत अर्ध्या अँपिअरचा फरक. तिसरा आणला. आमचाच खोटा निघाला.

म्हणजे पाहा, त्या टेबलावर खरं रीडिंग कोणालाच मिळणं शक्य नव्हतं. तरी प्रत्येक बॅचची उत्तरं बरोबर यायची, कारण ती सीनियरच्या जर्नलमधून यायची. आणि मी त्यांना दहापैकी नऊ देत होतो.

त्याच्या पत्रात मी हेच लिहिलं. माझा अमीटर चुकीचा होता आणि तो या मुलाने मला दाखवला. पुढे असंही लिहिलं, की गणिताचा पेपर याचा दोनदा राहिलाय, ते खरं आहे. हे मी त्याला आधी सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील ड्यूटीवरून थेट माझ्याकडे. "साहेब, केटीचं कशाला लिहिताय? झाकली मूठ सव्वा लाखाची." मी म्हटलं, अहो, ट्रान्स्क्रिप्टवर प्रत्येक सेमिस्टरचे मार्क छापलेले असतात. मूठ कधीच उघडलीय. प्रश्न एवढाच आहे, की उघड्या मुठीबद्दल कोणी शहाणा माणूस दोन शब्द बोलणार की नाही.

त्याला एका स्टेट युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला. पहिल्या आठवड्यात तिथल्या प्राध्यापकाने विचारलं, "तो अमीटरवाला तूच का?" केटीबद्दल नाही विचारलं.

उणी बाजू आपणच सरळ सांगून टाकायची, हे काही माझं संशोधन नाही. आपल्या जिल्ह्यात हे आधीच घडून गेलंय. आनंदीबाई जोशींचं माहेर कल्याणचं, म्हणजे ठाणे जिल्ह्यातलंच. अठराव्या वर्षी, 1883 साली, त्या कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला पोचल्या. आधी बोट, मग अर्ज. हा क्रम तुम्ही कृपा करून पाळू नका. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय कॉलेजला त्यांनी त्या जूनमध्ये जे पत्र लिहिलं, ते मी दर वर्षी मुलांना वाचायला लावायचो. त्यात त्या सरळ सांगतात, की तुमच्या प्रवेशाच्या सगळ्या अटींत मी कदाचित बसणार नाही, पण माझी गोष्ट निराळी आहे. मग निराळी कशी, तर माझ्या देशातल्या बायका मरण पत्करतील पण पुरुष डॉक्टरकडून उपचार घेणार नाहीत, आणि मला त्यांच्यासाठी शिकायचंय. आप्तांचा आणि जातीचा विरोध पत्करून आलेय. संपलं. 'लहानपणापासूनच मला विज्ञानाची आवड होती' हे वाक्य त्यात नाही. स्वतःचं मूल दहा दिवसांत गेलेली बाई आहे ही, तरी पत्र स्वतःभोवती फिरत नाही. 1886 च्या मार्चमध्ये डॉक्टर झाल्या. पत्रात 'प्रकृती चांगली आहे' असंही लिहिलंय. तेवढं एकच विधान पुढे टिकलं नाही. फेब्रुवारी 1887 मध्ये त्या क्षयाने गेल्या.

चिठ्ठी आलीय. दहा मिनिटं. ठीक, मूळ विषय.

वेळापत्रक. ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होणाऱ्या फॉल सत्राचे अर्ज त्याच्या आदल्या डिसेंबर-जानेवारीत बंद होतात. म्हणून शिक्षकाला ऑक्टोबरात गाठा, आणि जाताना पेनड्राइव्ह नेऊ नका. त्यांच्या हाताखाली काय केलंत, काय बिघडवलंत, याच्या चार ओळी न्या. अर्जात विचारतात, पत्र बघण्याचा हक्क सोडता का? 1974 च्या तिथल्या कायद्याने दिलेला हक्क आहे तो. सोडा. विद्यार्थ्याने न बघितलेल्या पत्रावर तिथला वाचणारा जास्त विश्वास ठेवतो. जीआरई ही प्रवेशपरीक्षा सप्टेंबर 2023 पासून दोन तासांच्या आत आटोपते, आणि बऱ्याच विभागांनी ती ऐच्छिक केलीय. विभागाच्या पानावर बघा, शेजाऱ्याला विचारू नका. स्कॉलरशिपचं पत्र आलं आणि 'परवा कळवा' म्हणाले तर घाबरू नका. तिथल्या बऱ्याच विद्यापीठांचा मिळून 15 एप्रिलचा ठराव आहे. त्या विद्यापीठाने त्यावर सही केली असेल, तर त्या तारखेआधी उत्तर द्यायचं बंधन नाही.

खर्च. आय-ट्वेंटी म्हणजे प्रवेशानंतर विद्यापीठ व्हिसासाठी देतं तो फॉर्म. त्यावर एक वर्षाची फी आणि राहण्याचा खर्च लिहिलेला असतो, तेवढे पैसे दाखवावे लागतात. सेव्हिसचे, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे, 350 डॉलर वेगळे, व्हिसाची फी वेगळी, मग बीकेसीला अमेरिकन वकिलातीत मुलाखत. शिक्षणानंतर ओपीटीचे, म्हणजे आपल्या विषयात तिथे काम करता येण्याचे, बारा महिने, विज्ञान-तंत्रज्ञानाची पदवी असेल तर आणखी चोवीस. कर्ज याच छत्तीस महिन्यांच्या भरवशावर काढतात सगळे. ओपीटी ही परवानगी आहे, नोकरी नव्हे. हे कर्जाला जामीन राहणाऱ्या काकांना आधी सांगा.

कॅनडा. 2024 पासून स्टडी परमिटच्या संख्येवर मर्यादा आलीय, लवकर निकाल देणारी एसडीएस योजना त्याच नोव्हेंबरात बंद झाली, आणि एकट्या विद्यार्थ्याला राहण्याखाण्यासाठी 22,895 कॅनेडियन डॉलर दाखवायला लागतात, फी आणि तिकीट सोडून. थिसिसचं मास्टर्स करायचं असेल तर बऱ्याच विभागांत आधी मार्गदर्शक मिळवावा लागतो. त्याला पत्र लिहाल तेव्हा त्याचा एखादा पेपर खरंच वाचून लिहा.

निवड राहिली. मागून प्रश्न आलाय, तीन वर्षांचं बीएस्सी चालतं का? काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी चार वर्षंच मागतात. फी भरायच्या आधी ईमेल करून विचारा, उत्तर जपून ठेवा.

टाळ वाजायला लागले. हो, त्या मुलाला एम-थ्रीत शेवटी किती पडले, हे दर वेळी कोणीतरी विचारतंच. चाळीस. पासिंग चाळीसचंच होतं.