काकांची सोयाबीनची पट्टी आणि शनिवार-रविवारचं वाचन

(कॅमेऱ्यासमोर कागद धरून)

नमस्कार मंडळी. शनिवार आला, म्हणजे आपली वाचायची यादी आली. पण आज आधी हा कागद बघा. आमच्या काकांची सोयाबीनची हिशोबपट्टी. इकडं वजन, इकडं भाव, खाली हमाली-तोलाई वजा. आणि कोपऱ्यात पेनानं खरडलंय, 'मॉ. १६'. म्हणजे मॉइश्चर, ओलावा, सोळा टक्के. त्या सोळापायी भाव पडला. काका म्हणाले, "एवढी पुस्तकं वाचतोस, आता हे वाचून सांग की." आली का पंचाईत?

म्हणून या वेळची सगळी यादी या पट्टीसाठी: कथा, अर्थकारण, राजकारण, तंत्रज्ञान आणि संस्कृती.

पहिली, भास्कर चंदनशिव यांची 'लाल चिखल' ही कथा. शाळेत वाचली असेल, तरी परत वाचा. बाजारात टमाट्याला भाव नाही आणि शेवटी बाप आपलाच माल पायाखाली तुडवतो. शाळेत आपण बापाकडं बघत होतो. या खेपेला गिऱ्हाइकाकडं बघा. ते वाईट नसतं, फक्त घासाघीस करत असतं. माझ्या मते कथा खरी बोचते ती तिथं.

आता जरा कोरडं वाचन, पण सोडू नका. हमीभावाची शिफारस करणारा कृषी खर्च व मूल्य आयोग दर हंगामाला अहवाल काढतो, तो नेटवर फुकट मिळतो. सगळा नको, खर्चाचे तक्ते तेवढे बघा. त्यात दोन खर्च भेटतील. एक 'ए-टू अधिक एफएल'. बी, खत, फवारणी, मजुरी असा खिशातून गेलेला पैसा, आणि वर घरच्या माणसांच्या राबण्याची धरलेली किंमत. दुसरा 'सी-टू'. यात स्वतःच्या जमिनीचा खंड आणि गुंतवलेल्या भांडवलाचं व्याजही येतं. २०२५-२६ च्या खरिपात सोयाबीनचा पहिला खर्च क्विंटलला ३,५५२ रुपये धरला आणि हमीभाव ५,३२८. बरोबर दीडपट! सरकार दीडपट म्हणतं ते खोटं नाही. पण कशाच्या दीडपट, तिथं सगळं भांडण आहे. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हंजी माझं रान फुकटात धरलं व्हय?"

राजकारणाला पुस्तक नाही, सरकारी आदेश वाचा. हमीभावाच्या खरेदीला ओलावा १२ टक्क्यांपर्यंत चालतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं तो १५ पर्यंत चालवून घेतला. २० नोव्हेंबरला महाराष्ट्र विधानसभेचं मतदान होतं. त्याआधी सप्टेंबरात कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क २० टक्क्यांवर नेलं होतं, मे २०२५ अखेर ते १० वर आणलं. बाहेरचं तेल महाग पडलं की आपल्या सोयाबीनच्या भावाला आधार, स्वस्त पडलं की फटका. तारखा एका कागदावर लिहून शेजारी निवडणुकीची तारीख लिहा. मी काही बोलत नाही.

तंत्रज्ञान म्हणजे तुमच्या हातातला मोबाईल. डिसेंबर २०२१ मध्ये सेबीनं, म्हणजे बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनं, सात शेतमालांचे वायदे (पुढच्या तारखेचे सौदे) थांबवले, त्यात सोयाबीनही होतं. इथला पुढचा भाव दिसेना, मग गावोगावच्या ग्रुपवर अमेरिकेतल्या शिकागोच्या वायदे बाजाराचा भाव, 'शिकागो हजार पार' असलं काहीबाही फिरायला लागलं. तो हजार रुपये नाही हो, सेंट, म्हणजे डॉलरचा शंभरावा भाग! आणि क्विंटलचा नाही, बुशेल या तिकडच्या मापाचा. सोयाबीनचा बुशेल म्हणजे सव्वासत्तावीस किलोच्या आसपास. हिशोब करा, क्विंटलला जेमतेम ३७ डॉलर पडतात. ही एक आकडेमोड जमली की अर्धे फॉरवर्ड आपोआप डिलीट होतात.

राहिली संस्कृती. आपल्या पैठणच्या सातवाहनांचा हाल राजा, त्यानं जमवलेली 'गाथासप्तशती'. महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथा, आणि राजवाड्यापेक्षा शिवारच जास्त. स. आ. जोगळेकरांनी मराठीत आणलीय, वाचनालयात विचारा. एका गाथेत साळीचं रान पिकून पांढरं पडायला लागलंय आणि एक पोरगी मान खाली घालून रडतेय. आता कापणी होणार, मग लपून भेटायचं कुठं? मैत्रीण म्हणते, रडतेस काय, तागाचं शेत बघ, पिवळा रंग लावलेल्या नटीसारखं सजलंय.

ही गाथा काकांना वाचून दाखवली. पट्टी घडी घालून खिशात ठेवत ते म्हणाले, "सोयाबीन तर गुडघ्याएवढं. त्यात कोण लपायलंय? तूर पेरा म्हणावं."